जहाजाच्या रडारपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत

सीवूड्स-दारावे स्थानकावरून पाम बीच मार्गाच्या दिशेने निघाले की करावे गाव लागते. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे, खाडीवर जगणारे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवे नगर वसू लागले आणि उंच इमारतींनी गावाला वेढून टाकले. तरी गावाची खाडीशी असलेली नाळ तुटलेली नाही. रस्त्यापलीकडे खारफुटी आहे, पाणथळ जागा आहेत, हंगामात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पाण्यापलीकडे तुर्भ्याची टेकडी दिसते. याच परिसरात ‘टी. एस. चाणक्य’ ही व्यापारी नौदलाचे अधिकारी घडवणारी संस्था उभी आहे. ‘टी. एस.’ म्हणजे ट्रेनिंग शिप, प्रशिक्षण जहाज. वस्तुतः येथे जहाज नाही, जमिनीवर बांधलेल्या इमारती आहेत. परंतु संस्थेने आपल्या नावातून जहाज उतरवलेले नाही.

जहाजावर अधिकारी होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला प्रत्यक्ष समुद्रावर जबाबदारी घेण्यापूर्वी रडारच्या सिम्युलेटरवर सराव करावाच लागतो. अंधाऱ्या खोलीत पडदा उजळतो, त्यावर ठिपके दिसतात आणि प्रशिक्षणार्थी डाव्या-उजव्या हाताने पटलात बसवलेला लिंबाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा चेंडू फिरवून त्या ठिपक्यांवर खूण नेतो. हा चेंडू म्हणजे ट्रॅकबॉल. घरात किंवा पेढीवर संगणक वापरणाऱ्यांना तो आता क्वचितच दिसतो. माऊस आला, नंतर काचेवर बोट फिरवण्याची सोय आली आणि चेंडू मागे पडला असा सर्वसाधारण समज आहे. जहाजावर मात्र तो आजही ठाण मांडून बसलेला आहे. त्याचे कारण साधे आहे. जहाज डुलते, मेजावर मोकळा ठेवलेला माऊस घसरून जातो. चेंडू पटलातच पक्का बसवलेला असल्यामुळे जहाज कितीही कलले तरी तो हाताखालीच राहतो.

यात एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. जहाजावर हा चेंडू कोणी दुकानातून आणून बसवलेला नाही. त्याचा जन्मच नौदलाच्या रडारसाठी झाला. इतकेच नव्हे, तर माऊस आणि स्पर्शाने चालणारा पडदा यांची कुळेही शोधत गेल्यास रडारच्याच दारात येऊन पोहोचतात. व्यापाऱ्याच्या गल्ल्यावरचा संगणक आणि जहाजाच्या सुकाणूघरातील यंत्र ही एका घरातील भावंडे आहेत.

त्याआधी चाणक्य संस्थेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्यात जैन व्यापारी समाजाला जवळचे वाटेल असे एक नाव येते. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले आणि त्या प्रवासात वालचंद स्वतः जहाजावर होते. तोच ५ एप्रिल आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. भारतीय मालकीचे जहाज निघाले खरे. पण त्यावर अधिकारी भारतीय नव्हते, कारण त्यांना शिकवणारी संस्थाच देशात नव्हती. भांडवल देशी आणि सुकाणू परक्याच्या हाती, अशी ती स्थिती होती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९२७ साली ‘डफरिन’ हे जुने जहाज मुंबई बंदरात प्रशिक्षणासाठी उभे करण्यात आले. १९७२ मध्ये त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून तीच परंपरा करावे येथे ‘चाणक्य’ या नावाने जमिनीवर चालू आहे. आज ही संस्था २००८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे.

डफरिनवरील पहिल्या तुकड्यांनी रडार पाहिलेच नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ते व्यापारी जहाजांवर येऊ लागले. त्याचे मूळ तत्त्व समजण्यास कठीण नाही. जहाजाच्या डोलकाठीवर फिरणारी पट्टी मिनिटाला साधारण वीस-पंचवीस फेऱ्या मारते आणि रेडिओलहरींचे अतिशय आखूड ठोके सोडत राहते. समोर दुसरे जहाज, खडक वा किनारा असला की लहर आपटून परत येते. एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, अंतरावरून ती परत यायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातील बारा. हा वेळ मोजला की अंतर कळते आणि पट्टी कोणत्या बाजूला होती हे पाहिले की दिशा कळते. प्रश्न उरतो तो हे सारे माणसाच्या डोळ्यांना दाखवायचे कसे, हा.

त्याचे उत्तर आधीच तयार होते. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताने काचेवर प्रकाशाचा ठिपका उमटवणारी नळी बनवली होती. जुन्या, मागे ढेरी असलेल्या दूरचित्रवाणी संचात हीच नळी असे. रडारच्या नळीत झोत मध्यबिंदूपासून कडेपर्यंत जाई आणि घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरे. जेथे प्रतिध्वनी मिळे तेथे ठिपका चमके. पण काटा पुढे गेल्यावर ठिपका विझला तर पाहणाऱ्याने काय पाहावे? म्हणून काचेच्या आतील बाजूस दोन थरांचा लेप देत. झोत पडताच तो निळा चमके आणि नंतर काही सेकंद पिवळसर उजेड देत राही. काटा पुन्हा येईपर्यंत ठिपक्याची आठवण पडद्यावर टिके. संगणकाची स्मृती महाग आणि दुर्मिळ असण्याच्या काळात स्मरणाचे काम असे लेपावर सोपवलेले होते.

हा उजेड इतका मंद असे की दिवसा पडदा दिसत नसे. अधिकारी पडद्यावर बसवलेल्या काळ्या रबरी टोपात तोंड खुपसून पाही. एका वेळी एकच माणूस पाहू शके, आणि तो पाहत असताना त्याला बाहेरचा समुद्र दिसत नसे. पडद्याच्या काचेवर आणखी एक काच बसवत आणि तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीने खुणा करत. येथे व्यापारी माणसाला आवडेल असा हिशेब येतो. ठिपका दर सहा मिनिटांनी नोंदवायचा. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. म्हणून सहा मिनिटांत कापलेल्या मैलांना दहाने गुणले की ताशी वेग मिळतो. १·२ मैल सरकले तर १२ नॉट, ०·८ मैल सरकले तर ८. कागदावर भागाकार करत बसायला नको. दोन-तीन खुणा जोडून रेघ पुढे वाढवली की समोरचे जहाज किती जवळून जाईल हे दिसे. रेघ बरोबर मध्यबिंदूकडे आली, म्हणजे दिशा बदलत नाही आणि अंतर मात्र घटत आहे, तर टक्कर ठरलेली.

मात्र या हिशेबात एक फसवा भाग आहे आणि तो न समजल्याने माणसे मेली आहेत. सीवूड्सच्या फलाटावर उभ्या असलेल्या गाडीत बसले असताना शेजारची गाडी हलली की क्षणभर आपलीच गाडी निघाली असे वाटते. रडारचा पडदा सतत हाच भास निर्माण करतो. पडद्याच्या मध्यभागी आपले जहाज स्थिर असते आणि सारे जग हलते. नांगरलेली बोट आपल्याकडे धावत येताना दिसते. आपल्याच दिशेने आपल्याच वेगाने चाललेले जहाज जागेवर उभे दिसते. दिसणारी चाल ही दोन चालींची वजाबाकी असते. खऱ्या चालीसाठी आपली चाल परत मिळवावी लागते, आणि ही मिळवणी धुक्यात, रात्री, घाईने, डोळ्यांवर झोप असताना करायची असते.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ इटलीचे ‘आंद्रेया दोरिया’ आणि स्वीडनचे ‘स्टॉकहोम’ ही प्रवासी जहाजे एकमेकांवर आदळली. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि दोघांनीही एकमेकांना पडद्यावर कितीतरी आधी पाहिले होते. आंद्रेया दोरियावर ठिपक्याच्या खुणा करून रेघ काढली गेली नाही. स्टॉकहोमवर रडार कोणत्या अंतराच्या मापावर लावले आहे याविषयीच गफलत झाली असावी, असा तर्क पुढे अभ्यासकांनी मांडला. तराजूत पाच किलोचे वजन आहे की पंधराचे हे न पाहता माल मोजावा, तसा तो प्रकार ठरला असता. ५१ माणसे मृत्युमुखी पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रेया दोरिया बुडाली. सागरी वर्तुळात ‘रडारच्या मदतीने झालेली टक्कर’ असा शब्दप्रयोग त्यानंतर रूढ झाला. दोष रडारचा नव्हता. पडदा दाखवत होता. पण माणूस आणि पडदा यांच्यामधला दुवा अपुरा होता.

हा दुवा सुधारण्याचे पहिले मोठे प्रयत्न युद्धनौकांसाठी झाले, कारण तेथे पडद्यावर एक-दोन नव्हे तर विमानांचे डझनावारी ठिपके असत आणि ते झपाट्याने सरकत. राल्फ बेंजामिन हा १९२२ साली जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा नाझींच्या छळातून निसटून १९३९ मध्ये इंग्लंडला पोहोचला होता. पुढे तो ब्रिटिश नौदलाच्या वैज्ञानिक सेवेत दाखल झाला. रडारवरील ठिपके निवडून गणनयंत्राकडे सोपवण्याच्या कामासाठी तेव्हा दांडी वापरत. बेंजामिन यांनी १९४६ मध्ये दांडीऐवजी चेंडू सुचवला. रबर चढवलेल्या दोन चाकांवर धातूचा गोळा ठेवला. एक चाक आडवी चाल मोजी, दुसरे उभी. गोळा तिरका फिरवला की दोन्ही चाके आपापल्या वाट्याइतकी फिरत. हाताची एक सरळ हालचाल, आणि तिची दोन आकड्यांत आपोआप फोड. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला का सुचली नाही असे वाटावे. पण ते लष्करी गुपित होते. नमुना बनला, प्रत्यक्ष यंत्रणेत दांडीच राहिली आणि कित्येक वर्षे जगाला या गोळ्याचा पत्ता नव्हता.

म्हणूनच १९५२ मध्ये कॅनडाच्या नौदलासाठी ‘डेटार’ नावाची यंत्रणा उभारणाऱ्या टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केनियन टेलर यांनी तीच वाट पुन्हा नव्याने शोधली. त्यांना गुळगुळीत, अचूक गोल आणि सहज मिळणारा गोळा हवा होता. त्यांनी कॅनडात खेळल्या जाणाऱ्या बोलिंगचा चेंडू उचलला आणि बसवला. कारखान्यात गोळा घडवण्याचा खर्च वाचला. यंत्रणा मात्र एकूण इतकी खर्चिक ठरली की नौदलाने ती स्वीकारलीच नाही.

तिसरी कथा अधिक परिचित आहे, पण तिचा आरंभ सहसा सांगितला जात नाही. डग्लस एंगलबार्ट हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन नौदलात रडार-तंत्रज्ञ म्हणून फिलिपाइन्समध्ये होते. युद्धानंतर काही वर्षांनी त्यांच्या मनात आले की रडारचा पडदा रेडिओलहरींची माहिती चित्ररूपाने दाखवू शकतो, तर गणनयंत्राची माहितीही तशीच दाखवता येईल. तेव्हाचे संगणक छिद्रे पाडलेले कागद गिळत आणि छापील कागद बाहेर टाकत. माणसाने यंत्रासमोर बसून त्याच्याशी संवाद करावा ही कल्पना विक्षिप्त वाटत होती. १९६४ मध्ये एंगलबार्ट यांच्या आराखड्यावरून बिल इंग्लिश यांनी लाकडी ठोकळ्याखाली काटकोनात दोन चाके बसवून पहिला माऊस घडवला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जगापुढे आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या टेलिफुंकन कंपनीने रायनर मालेब्राइन यांचा चेंडूवर चालणारा माऊस आपल्या माहितीपत्रकात छापला होता. मालेब्राइन आधी हवाई वाहतुकीच्या रडारसाठी मेजात बसवायच्या चेंडूवर काम करत होते. मेजाला भोक पाडण्याची कटकट टाळायची म्हणून त्यांनी चेंडू उलटा केला, डबीत घातला, आणि माऊस तयार झाला.

व्यापाराच्या दृष्टीने पाहता या सर्वांचा सौदा तोट्याचाच झाला. बेंजामिन यांचा गोळा गुपितात अडकला. मालेब्राइन यांच्या कल्पनेत पुरेशी नावीन्यता नाही असे सांगून जर्मन कार्यालयाने पेटंट नाकारले. एंगलबार्ट यांच्या माऊसचे पेटंट १९७० मध्ये मंजूर झाले, पण ते त्यांच्या संस्थेच्या मालकीचे होते. त्या संस्थेने पुढे ॲपलला त्याचा परवाना सुमारे ४० हजार डॉलरना दिला, असे एंगलबार्ट सांगत. त्यांना स्वतःला त्यातून स्वामित्वधन मिळाले नाही. मालाची खरी किंमत बाजाराला कळण्याआधीच माल विकून टाकावा लागला, अशी उदाहरणे व्यापारी घराण्यांच्या जुन्या वह्यांतही सापडतील.

आता गल्ल्याकडे यावे. दुकानात बिल करताना पडद्यावरील चौकटीला बोट लावले जाते, ग्राहक मोबाइलच्या काचेवर रक्कम उमटवतो. या काचेचाही मूळ धागा रडारशीच जोडलेला आहे. इंग्लंडच्या माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन हे अभियंते होते. हवाई वाहतूक नियंत्रकासमोर पडद्यावर अनेक विमानांची नावे असतात. त्यांतील एक निवडण्यासाठी प्रत्येक वेळी कळफलकावर टंकलेखन करण्यात वेळ जातो आणि चूक होते. ज्या नावाकडे नियंत्रक पाहत आहे त्यालाच त्याने बोट लावावे, ही सोय जॉन्सन यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखात मांडली. पडद्यावर बारीक तारा लावायच्या. माणसाचे शरीर विजेचा अल्पसा भार ओढून घेते. कोणत्या तारेवरचा भार बदलला हे यंत्र ओळखते. आजच्या मोबाइलची काच तत्त्वतः याच युक्तीवर चालते. तारांची जागा दिसणारही नाही अशा पारदर्शक थराने घेतली, एवढाच मोठा फरक. हातात जाड मोजा घातला की मोबाइल का दाद देत नाही, याचेही उत्तर यातच आहे.

भारतात, आणि तेही मुंबईत, या वाटचालीचा एक आरंभीचा टप्पा घडला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये पूर्ण होऊन चालू झाला. त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ शब्द मावत. पण आलेख आणि अक्षरे दाखवणारा नळीचा पडदा त्याला जोडलेला होता. परदेशांतही जेव्हा अनेक संगणक केवळ कागदावर बोलत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. तिची पुरेशी आठवण ठेवली गेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

व्यापारी जहाजांवर मेणाची पेन्सिल सुटायला मात्र वेळ लागला. १९६९ मध्ये नॉर्कंट्रोल या नॉर्वेच्या कंपनीने खुणा आणि रेघांचे काम संगणकाकडे सोपवणारे पहिले विक्रीयोग्य यंत्र ‘तैमिर’ या मालवाहू जहाजावर बसवले. या यंत्रप्रकाराला ‘आर्पा’ म्हणतात. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यासाठी मानके ठरवली : ठिपका निवडल्यापासून एका मिनिटात त्याच्या चालीचा कल कळला पाहिजे आणि तीन मिनिटांत पुढील चाल दिसली पाहिजे. अधिकाऱ्याने चेंडू फिरवून खूण ठिपक्यावर न्यायची आणि कळ दाबायची. ठिपक्याला एक रेघ फुटते. कडेला आकडे येतात : किती जवळून जाईल, आणि किती मिनिटांनी. पूर्वी तीन खुणा, दोन रेघा आणि बारा-पंधरा मिनिटे लागत, ते काम बोटांच्या एका हालचालीवर आले. फलाटावरील गाडीचा भास मात्र गेला नाही. रेघ दोन प्रकारे दाखवता येते : खऱ्या चालीची किंवा दिसणाऱ्या चालीची. पटलावरील एका कळीने प्रकार बदलतो, आणि कोणता प्रकार चालू आहे हे न पाहता निर्णय घेतला तर १९५६ ची चूक नव्या काचेवर पुन्हा घडू शकते.

सारे असूनही टकरी होतात. ७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया ३’ यांची धडक झाली. भर दिवस, ओळखीचा जलमार्ग, दोन्ही जहाजांवर आधुनिक साधने. माणसे वाचली, पण चित्रा एका बाजूला कलली आणि तिच्यावरील बाराशेच्या आसपास कंटेनरांपैकी कितीतरी समुद्रात पडले. काही तरंगत राहिले, काही जलमार्गात बुडाले. ते शोधून काढीपर्यंत जहाजांची ये-जा सुरक्षित नव्हती आणि मुंबई तसेच न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस जवळजवळ ठप्प झाली. ज्यांचा माल त्या कंटेनरांत होता आणि ज्यांचा माल बंदराबाहेर खोळंबून राहिला, असे व्यापारी या मासिकाच्या वाचकांतही असतील. सणासुदीच्या तोंडावर अडकलेल्या मालाचे व्याज कसे चढते हे त्यांना सांगण्याची गरज नाही. त्याच वेळी जहाजाचे तेल रायगडच्या आणि खाडीच्या किनाऱ्यांवर पसरले, खारफुटीच्या मुळांना काळा थर बसला, लोकांनी मासळी घेणे टाळले. ज्यांच्याजवळ ना विमा, ना गोदामात शिल्लक, त्या कोळी कुटुंबांचे नुकसान कोणत्याही खतावणीत पूर्णपणे उतरले नसेल.

खाडीकाठच्या गावांचा या पडद्यांशी आणखी एक नाजूक संबंध आहे. मोठे पोलादी जहाज रडारवर ठळक उमटते. लाकडी किंवा फायबरची छोटी होडी लहरींना फारसा प्रतिसाद देत नाही. तिचा ठिपका क्षीण असतो. पावसाळी वाऱ्यात जहाजाभोवतीच्या लाटाही प्रतिध्वनी देतात आणि पडद्याच्या मध्याभोवती ठिपक्यांचा भाताच्या लाह्यांसारखा चुरा पसरतो. खलाशी त्याला ‘क्लटर’ म्हणतात. तो पुसण्यासाठी पटलावर एक बटण असते, पावसाच्या सरींचे पांढरे डाग पुसण्यासाठी दुसरे. बटण थोडे फिरवले की चुरा विरळ होतो आणि खरे ठिपके वर येतात. आणखी फिरवले की पडदा स्वच्छ, सुंदर, काळाभोर होतो. त्या स्वच्छतेत लाटांसोबत होडीही पुसली गेलेली असते. स्वच्छ पडदा पाहून समाधान वाटणे हा नवशिक्या अधिकाऱ्याचा पहिला दोष मानला जातो. जहाजांवर साधारणतः दोन रडार असतात : तीन सेंटिमीटर लहरींचे बारकावे चांगले दाखवते, पण जोराच्या पावसात आंधळे होते, दहा सेंटिमीटर लहरींचे पावसातून पाहते, पण बारकावे गाळते. दोन्हींवर नजर ठेवणे, आणि मधूनमधून दोन्हींवरची नजर उचलून खिडकीबाहेर पाहणे, हे शिकवावे लागते. मोठ्या जहाजांनी आपली ओळख आपोआप प्रसारित करण्याची यंत्रणा २००४ अखेरपर्यंत सक्तीची झाली. पण अनेक लहान होड्यांवर ती नसते, म्हणून पडद्यावर नाव-गाव न येणारा पुसट ठिपकाच अधिक काळजीने पाहावा लागतो.

पडद्याचा उजेडही असाच जपून वापरावा लागतो. दुकानातला पडदा जितका झगझगीत तितका चांगला, असे मानले जाते. रात्री सुकाणूघरात मात्र दिवे मालवलेले असतात, कारण अंधाराला डोळे सरावायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो आणि एका पांढऱ्या झगमगाटात तो सराव क्षणात मोडतो. २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांना सक्तीच्या झालेल्या इलेक्ट्रॉनिक नकाशांमध्ये म्हणूनच दिवसाचे, संध्याकाळचे आणि रात्रीचे असे निरनिराळे रंग ठरवून दिलेले आहेत. रात्रीच्या रंगांत समुद्र काळा होतो, किनारा मातकट, आकडे राखाडी. बाहेरून पाहणाऱ्याला पडदा बंद पडला आहे असे वाटावे.

सिम्युलेटरच्या खोलीत प्रशिक्षकाच्या हाती हे सर्व असते. तो पाऊस पाडतो, लाटा वाढवतो, समोरून दोन मोठी जहाजे सोडतो. प्रशिक्षणार्थी चेंडू फिरवून दोन्ही ठिपके पकडतो, रेघांचा प्रकार तपासतो, आकडे वाचतो, वळण्याचा निर्णय घेतो. तो त्या गडबडीत असताना प्रशिक्षक काही न बोलता डाव्या बाजूला, लाटांच्या चुऱ्यात, एक लहानशी लाकडी होडी ठेवून देतो. काट्याच्या दोन फेऱ्यांत ती दिसते, तिसऱ्या फेरीत दिसत नाही, चौथ्या फेरीत पुन्हा दिसते. प्रशिक्षणार्थ्याचा हात चेंडूवरून उचलला जातो आणि क्लटरच्या बटणाकडे जातो. ते तो कोणत्या बाजूला फिरवतो, याकडे प्रशिक्षक पाहत असतो.